रीमेक, रीबूट की नुसता पुढचा भाग?

प्रश्न असा आला आहे: "आमच्या मित्रमंडळींत भयपटांवरून कायम जुंपते. २०१८च्या 'हॅलोवीन'ला एक जण रीमेक म्हणतो, दुसरा रीबूट, तिसरा सिक्वेल. बरोबर कोण? या शब्दांना मराठीत काही आहे का? आणि कॉमिकवरून काढलेल्या सिनेमाला 'रूपांतर' म्हटलं तर चालेल का?"

बरोबर तिसरा. पण पहिल्या दोघांचा गोंधळ का झाला ते कळतं. १९७८, २००७ आणि २०१८ अशा तिन्ही साली आलेल्या चित्रपटांचं नाव नुसतं 'हॅलोवीन' आहे. पुढे आकडा नाही की उपशीर्षक नाही. नावावरून ओळखायला गेलं तर फसगत ठरलेलीच. मात्र २०१८च्या चित्रपटात लॉरी स्ट्रोड, म्हणजे पहिल्या चित्रपटात खुन्याच्या हातून वाचलेली नायिका, चाळीस वर्षांनी थोराड झालेली दिसते, भूमिका पुन्हा जेमी ली कर्टिसच करते आणि १९७८ची ती रात्र लॉरीच्या आयुष्यात घडून गेलेली आहे. आधीची गोष्ट जमेस धरून पुढे जातो तो पुढचा भाग. मग मध्ये चाळीस वर्षं जावोत नाहीतर चार महिने.

'जमेस धरणे' मी मुद्दाम वापरलं. इंग्रजी चाहत्यांच्या भांडणात 'कॅनन' हा शब्द उठताबसता येतो: कुठला भाग खरा घडलेला मानायचा आणि कुठला नाही. त्याला 'प्रमाण', 'अधिकृत' असे प्रतिशब्द सुचवले जातात, पण ते ऐकताना शासन निर्णय वाचल्यासारखं वाटतं. "तिसरा भाग आम्ही जमेसच धरत नाही" हे कुणीही सहज बोलून जातो आणि ऐकणाऱ्याला अर्थही लगेच लागतो.

'हॅलोवीन'मध्ये तर हा जमाखर्च बघण्यासारखा आहे. १९८१च्या दुसऱ्या भागात लॉरी ही खुनी मायकेल मायर्सची बहीण निघते. १९८२च्या तिसऱ्या भागात मायकेलची गोष्टच नाही, कथाच वेगळी. प्रेक्षक चिडले, म्हणून १९८८च्या चौथ्या भागाच्या नावातच 'मायकेल मायर्स परत आला' असं घालावं लागलं. त्यात लॉरी आधीच अपघातात गेलेली. १९९८च्या भागात ती जिवंत, कारण चौथा, पाचवा आणि सहावा भाग जमेस धरलेले नाहीत. २००२ मध्ये मायकेल तिला सुरुवातीलाच मारतो. २०१८ मध्ये ती पुन्हा जिवंत, कारण आता १९७८नंतरचं काहीच जमेस नाही. बहीणभावाचं नातंसुद्धा लोकांनी उठवलेली कंडी म्हणून उडवून लावलंय. हे पाहिल्यावर "लॉरी मेली की नाही?" या प्रश्नाला "कुठल्या हिशेबाने?" हेच एक उत्तर उरतं.

आता २००७चा 'हॅलोवीन'. दिग्दर्शक रॉब झॉम्बीने मायकेलचं बालपण विस्ताराने दाखवलं आणि मग १९७८ची तीच रात्र नव्या नटांना घेऊन पुन्हा घडवली. गोष्ट तीच, म्हणून रीमेक. पण आधीचं सगळं पुसून नवी पाटी घेतली आणि २००९ मध्ये तिच्यावर पुढचा भागही लिहिला, म्हणून रीबूटही. म्हणजे हे दोन शब्द एकमेकांचे शत्रू नाहीत. रीमेक गोष्टीबद्दल बोलतो, रीबूट जमाखर्चाबद्दल. 'स्पायडर-मॅन'च्या चाहत्यांना हे आपोआप उमजतं: २००२, २०१२ आणि २०१७ अशा तीन वेळा नवा नट घेऊन पहिल्यापासून सुरुवात झाली, पण त्यातला कुठलाच चित्रपट दुसऱ्याचा रीमेक नाही. २०२१ मध्ये तिन्ही स्पायडर-मॅन एका पडद्यावर आणून सगळेच हिशेब जमेस धरले, तो भाग निराळा.

खरी गाठ मारून ठेवलीय 'ईव्हिल डेड'ने. १९८७च्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला पहिल्या भागाचीच गोष्ट थोडक्यात पुन्हा घडते, तीही पाचाऐवजी दोनच माणसांत, आणि मग तिथूनच कथा पुढे जाते. त्याला रीमेक म्हणणारे आणि सिक्वेल म्हणणारे दोघेही आपापल्या जागी ठाम आहेत. मी पुढचा भाग म्हणणाऱ्यांच्या बाजूचा. सुरुवातीची काही मिनिटं म्हणजे मागील कथेची उजळणी, तीही जरा ढिसाळ.

मराठी शब्दांचं म्हणाल तर सिक्वेलला 'पुढचा भाग' आहेच. सगळे तेच बोलतात, त्याला संस्कृत पोशाख चढवायची गरज नाही. काही जण 'उत्तरार्ध' लिहितात, ते मात्र चुकतं. उत्तरार्ध म्हणजे एकाच गोष्टीचा दुसरा अर्धा हिस्सा. २०१७ आणि २०१९चे 'इट'चे दोन चित्रपट स्टीफन किंगच्या एकाच कादंबरीवरचे, तिथे पूर्वार्ध-उत्तरार्ध चपखल बसतं. तेरा चित्रपट झालेल्या 'हॅलोवीन'चा उत्तरार्ध कुठला काढणार? प्रीक्वेलसाठी कीर्तनातला 'पूर्वरंग' मला एकदा आवडला होता, पण कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो आणि गोष्ट येते ती उत्तररंगात. प्रीक्वेल ही तर आख्खी गोष्ट असते. 'आधीची कथा' म्हणावं. रीबूट आणि रीमेक आहेत तसेच ठेवावेत. वाक्यात मात्र नामाच्या मागे न लागता क्रियापद वापरलं की मराठी मोकळी होते: 'पुन्हा पहिल्यापासून मांडला', 'तीच गोष्ट नव्याने काढली'.

'फ्रँचाईझी'चं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण भांडणाचं मूळ बरेचदा तिथेच असतं. तिला 'मालिका' म्हणावं तर आज मालिका म्हणजे संध्याकाळी टीव्हीवर लागते ती. 'चित्रपटमालिका' चालेल, पण त्यात एक अर्थ सुटतो. फ्रँचाईझी हा धंद्यातला शब्द आहे: नाव आणि हक्क कुणाच्या मालकीचे. 'फ्रायडे द थर्टीन्थ' घ्या. १९८०च्या पहिल्या चित्रपटात खुनी पुढे प्रसिद्ध झालेला जेसन नसून त्याची आई आहे. जेसन दुसऱ्या भागात हत्यार उचलतो आणि त्याचा तो सुप्रसिद्ध हॉकीचा मुखवटा तर तिसऱ्या भागात, १९८२ मध्ये, येतो. पुढे मूळ पटकथेचे हक्क कुणाचे, यावर पटकथालेखक व्हिक्टर मिलर आणि दिग्दर्शक-निर्माता शॉन कनिंगहॅम यांच्यात खटला झाला. अपिलाच्या न्यायालयाने २०२१ मध्ये मिलरच्या बाजूने दिलेला निकाल कायम केला. पण मिलरच्या पटकथेत मुखवटेवाला, वाढलेला जेसन नाहीच! गोष्ट एक, चेहरा दुसरा आणि मालक भलताच. हे सगळं पोटात घेणारा शब्द मराठीत नाही, तेव्हा फ्रँचाईझीच म्हणावं. १९८४च्या चौथ्या भागाला 'अखेरचा अध्याय' असं नाव देऊन पुढच्याच वर्षी पाचवा काढला, यामागेही गोष्टीची निकड नव्हती, गल्ल्याची होती.

आता कॉमिकचा प्रश्न. 'रूपांतर' म्हटलं तर चुकत नाही, पण मराठीत त्या शब्दाला नाटकांचा इतिहास चिकटलेला आहे. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला तेव्हा माणसांची नावं, रीतिरिवाज सगळं इथलं केलं आणि कथेचा सांगाडा ठेवला. त्या अर्थाने 'झपाटलेला' (१९९३) हे घरगुती रूपांतर म्हणता येईल: गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरण्याची कल्पना १९८८च्या 'चाइल्ड्स प्ले'ची, पण तात्या विंचू अस्सल इथला. कॉमिकवरच्या सिनेमांत बहुधा याच्या उलट घडतं. नावं तीच राहतात, सांगाडा बदलतो.

'ब्लेड' पाहा. हा पिशाचांचा शिकारी १९७३ मध्ये 'टूम ऑफ ड्रॅक्युला' या कॉमिकच्या दहाव्या अंकात आला तेव्हा तो माणूसच होता. हिरवा कोट, डोळ्यांवर गॉगल, हातात लाकडी सुरे, आणि पिशाच चावलं तरी त्याचं पिशाच होत नाही एवढाच विशेष. १९९८च्या चित्रपटात तो अर्धा पिशाच आहे, काळ्या पोशाखात तलवार चालवतो. पुढे कॉमिकनेच चित्रपटातली ताकद त्याला देऊन टाकली. 'द वॉकिंग डेड'च्या टीव्ही मालिकेतला लोकांचा लाडका डॅरिल डिक्सन कॉमिकमध्ये नाहीच. अशांना 'कॉमिकवर बेतलेला' म्हणावं. शिंपी कापड बेततो ना, तसं: ताग्यात होतं तेवढंच कापड, पण कुठे कात्री लावायची ते नव्या अंगाच्या मापाने ठरतं. शिवाय 'बेतणे'ला आपल्याकडे 'जिवावर बेतलं' असाही एक अर्थ आहे, तो भयपटाला फुकटात मिळतो. याउलट २००५च्या 'सिन सिटी'त कॉमिकची चित्रंच्या चित्रं पडद्यावर उतरवली आणि कॉमिककर्ता फ्रँक मिलर सहदिग्दर्शक होता. तिथे 'बेतलेला' कमी पडतं. सरळ 'कॉमिक पडद्यावर आणलं' म्हणावं.

जाता जाता 'भूतपट' आणि 'भयपट'. हे दोन्ही एकच धरू नयेत. मायकेल मायर्स भूत नाही, म्हणून 'हॅलोवीन' भयपटच. आणि शब्दांवरून भांडणं ही फक्त चाहत्यांची खोड नव्हे. अमेरिकेत १९५४ साली कॉमिक प्रकाशकांनी स्वतःवर जी आचारसंहिता लादून घेतली तिने मासिकाच्या नावात 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्द वापरायलाच बंदी केली, पिशाचं आणि चालती प्रेतंही हद्दपार केली. १९७१ मध्ये पिशाचांना परवानगी मिळाली, म्हणून 'टूम ऑफ ड्रॅक्युला' निघू शकलं आणि त्यातून ब्लेड. झॉम्बींना, म्हणजे चालत्या प्रेतांना, मात्र सूट मिळाली नाही. मग मार्व्हल या कॉमिक प्रकाशकाने त्यांना 'झुव्हेंबी' म्हणायला सुरुवात केली. प्रेतं तीच, चालही तीच, नियमात मात्र बसली.