पॉलिसी घेण्याआधी रेशन कार्डं तपासा

नमस्कार भाऊ. गणपतीच्या वर्गणीतून मंडळाकडे सव्वा लाख उरलेत, कळमन्याच्या बाजूच्या वस्तीत हमाली आणि धुणीभांडी करणाऱ्यांची साठेक लेकरं आहेत, एकाचाही विमा नाही, तर कोणत्या कंपनीची पॉलिसी काढावी, असं तुम्ही विचारलंत. वर बऱ्याच जणांनी कंपन्या सुचवल्या आहेत. मी नागपुरात सरकारी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात नोकरी करून निवृत्त झालो. माझं मत विचाराल तर पॉलिसी काढूच नका.

एक तर तुम्हाला ती काढता येणार नाही. फक्त विम्यासाठी जमवलेला गट नियमात बसत नाही, त्यामुळे मंडळाच्या नावावर वस्तीतल्या लेकरांची गट पॉलिसी हा विषय संपला. एकेकाची वेगळी काढायची तर एकट्या लहान मुलाला सहसा कोणी पॉलिसी देत नाही, सोबत आई किंवा बाप घ्यावा लागतो. मग सव्वा लाखात किती घरं बसतील ते तुम्हीच मांडून बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला हे खरं, पण तेवढ्यानं हे गणित जुळत नाही. त्यात पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. आणि पुढच्या वर्षी वर्गणी कमी जमली तर? पॉलिसी बंद, पैसे गेले, लेकरं होती तिथंच.

दुसरं, आणि हेच मोठं. तुम्ही ज्यांना विमा नाही म्हणता त्यातल्या बहुतेकांना तो आहे, फक्त त्यांच्यापर्यंत पोचलेला नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात. जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण ठरलं आणि पिवळ्या-केशरीसोबत पांढरं रेशन कार्डही त्यात आलं. प्रत्यक्षात हे २०२४ मध्ये सुरू झालं. "आमचं कार्ड पांढरं, आम्हाला काही भेटत नाही," असं सांगणारे लोक मला अजून भेटतात. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

मग अडतं कुठं? कागदात. एक उदाहरण देतो. पाच वर्षांची पोरगी, हृदयाला छिद्र, ऑपरेशन योजनेत बसत होतं. आईनं पॉलिथिनच्या पिशवीतून केशरी कार्ड काढलं. कार्डावर वारलेला सासरा होता, वेगळे निघालेले दोन दीर होते, नवरा होता. ती स्वतः नव्हती, कारण लग्नाला आठ वर्षं होऊनही तिचं नाव तुमसरला माहेरच्या कार्डातच होतं. पोरीचंही नाव नव्हतं. आता लेकराचं नाव कार्डात नसलं तर जन्मदाखला आणि आई किंवा बापासोबतचा फोटो यावर काम होतं, तशी सोय योजनेत आहे. पण या दाखल्यावर पोरीच्या नावाचा रकाना कोरा. दवाखान्यानं जन्म नोंदवला, नाव टाकायला नंतर कोणी गेलंच नाही. आणि बापाचं नाव कार्डावर एक, दाखल्यावर घरात हाक मारतात ते. रुग्णालयात योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र बिचारा काय करणार? त्याला संगणकात जुळणारी नावं लागतात. ऑपरेशन अखेर झालं, पैसाही लागला नाही, पण तारीख पुढे गेली. तेवढ्या काळात बाप मजुरी बुडवून तुमसर आणि नागपूर करत राहिला.

ही गुंतागुंत लेकरू आजारी पडण्याआधी सोडवता येते, आणि तुमच्या मंडळाचं खरं काम तिथं आहे. वस्तीत घरोघरी जाऊन प्रत्येक कार्ड उघडून बघा. आईचं नाव माहेरी अडकलं असेल तर आधी तिकडून कमी करून त्याचा दाखला आणावा लागतो, मग इकडे आई आणि लेकरं चढतात. हे काम झोनच्या रेशन कार्यालयातून होतं. कार्डाला ऑनलाइन १२ अंकी नंबर आहे की नाही तेही बघा, नुसत्या जुन्या पुस्तिकेवर पुढचं काही हलत नाही. जन्मदाखल्यावर नाव नसेल तर पहिल्या वर्षात ते फुकट टाकून मिळतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. हे सगळं जुळलं की प्रत्येक लेकराचं आयुष्मान कार्ड काढा. तुमच्या मंडळातल्या कॉलेजच्या पोट्ट्यांना मोबाईलवर हे तासाभरात शिकता येईल. आशाताईला सोबत घ्या. कोणाच्या घरात काय आजार आहे हे तिला माहीत असतं आणि तिच्यासमोर लोक कागद काढतात, तुमच्यासमोर काढणार नाहीत.

हमालांमध्ये बरेच छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडचे असतील. त्यांचं रेशन कार्ड महाराष्ट्राचं नसतं, पण घाबरायचं कारण नाही. मध्य प्रदेशातलं आयुष्मान कार्ड नागपुरातल्या संलग्न रुग्णालयात चालतं. फक्त लेकराचं नाव तिकडच्या समग्र आयडीत, म्हणजे तिथल्या सरकारच्या कुटुंब-नोंदणीत, चढलेलं पाहिजे. ते काम सणाला गावी जातील तेव्हा करून या म्हणावं.

काहींचे बाप हिंगणा-बुटीबोरीला कंपनीत किंवा कुठे सिक्युरिटीत असतील. पगार २१,००० च्या आत असेल आणि पगारातून ०.७५ टक्के कापला जात असेल तर ती ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा आहे. सोमवारीपेठेतला कामगार विमा दवाखाना बायको-लेकरांसाठीही असतो, आणि तिथं ओपीडीही मिळते. ठेकेदार पैसे कापतो आणि विम्याचा नंबर देत नाही, हा प्रकार फार आहे. पगाराची स्लिप मागून घ्या.

आता जी गोष्ट फार कोणी सांगत नाही ती. जन्मजात व्यंग, हृदयाचं छिद्र, फाटलेला ओठ, ऐकू न येणं, तिरळेपणा, वाढ मागे पडणं, यासाठी लेकरांचा स्वतंत्र कार्यक्रम आहे: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. शून्य ते अठरा वयासाठी तपासणी आणि पुढचे उपचार मोफत, गरज पडली तर शस्त्रक्रियाही. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. मेख अशी की शाळा सरकारी किंवा अनुदानित लागते. पोटाला चिमटा काढून बापानं लेकराला गल्लीतल्या खासगी कॉन्व्हेंटमध्ये टाकलं की ते लेकरू या तपासणीतून बाहेर पडतं. तुमच्या वस्तीत अशी लेकरं नक्की असणार. त्यांना घेऊन सरळ नागपूरच्या सरकारी डागा रुग्णालयात जा आणि बाल आरोग्य कार्यक्रमाची माणसं कुठं बसतात ते विचारा. ऐकू न येण्याच्या बाबतीत तर आज-उद्या करूच नका. कॉक्लियर इम्प्लांटला, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रिया करून कानात बसवतात त्या यंत्राला, वयाची अट असते, सहा वर्षं उलटली की दारं बंद व्हायला लागतात.

आणि विदर्भात राहता तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विसरू नका. ज्या लेकराचे हातपाय वारंवार दुखतात, डोळे पिवळे दिसतात, ताप घडीघडी येतो, त्याला "अंगात रक्त कमी आहे" म्हणून टॉनिकवर ठेवलेलं असतं. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, १ जुलै २०२३ पासून तर केंद्र सरकारची मोहीमच आहे. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्याही सरकारी दवाखान्यातूनच घ्या. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्ही आहेत, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज जरूर करा.

एवढं सगळं असूनही एक मोठं भोक राहतं. योजना भरती झाल्यावरची आहे, तीही ठरलेल्या आजारांची. साधा ताप, खोकला, जुलाब, खरूज, कान फुटणं यात बसत नाही, आणि लेकरांवर घरचा पैसा रोज जातो तो यावरच. गल्लीतला डॉक्टर, एक इंजेक्शन, बाटलीभर सिरप, झाले तीनशे-चारशे. तुमचे सव्वा लाख इथं कामाचे आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. डागा त्यात येतं. मेडिकल आणि मेयो ही नागपुरातली दोन मोठी सरकारी रुग्णालयं येत नाहीत, कारण ती वैद्यकीय शिक्षण विभागाची. तिथं केसपेपरला आणि तपासण्यांना पैसे पडतात. सवलत हवी तर समाजसेवा विभागात जा, नुसतं खिडकीवर वाद घालून काही होत नाही. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मात्र कोणत्याही सरकारी रुग्णालयात औषध, तपासणी, नेणं-आणणं मोफत, तो जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. कोणी पैसे मागितले तर या कार्यक्रमाचं नाव घ्या.

तेव्हा पैसे असे वापरा: बाहेरून आणायला सांगितलेलं औषध, एखादी महागडी तपासणी, ऑटोचं भाडं, आणि भरती लेकराजवळ बसलेल्या आईची बुडालेली मजुरी. शेवटचं वाचून तुमचे खजिनदार भुवया उंचावतील. पण तारीख मिळूनही लेकराला न आणण्याचं कारण मी वर्षानुवर्षं हेच ऐकलं, "साहेब, कामावरून काढतात." रोख देण्याऐवजी आठवड्याचा किराणा भरून दिला तरी चालतं, हिशेबही नीट राहतो.

मोठ्या खासगी रुग्णालयात जायची वेळ आलीच तर ते धर्मादाय आहे का ते आधी बघा. तिथं १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. भरतीच्या वेळीच रेशन कार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दाखवा, बिल हातात पडल्यावर नाही. मुख्यमंत्री सहायता निधी सगळं संपल्यावर. तोही आधी अर्ज करायचा असतो, खर्च करून मागाहून परतावा मिळत नाही.

शिबिर घ्यायचं तर हमालांना आणि धुण्याभांड्याच्या बायकांना कोणत्या वेळी सवड असते ते विचारून ठेवा. मंडळांची शिबिरं रविवारी सकाळी अकराला असतात, आणि त्याच वेळेला या बाया चार घरची कामं करून राहिलेल्या असतात. प्रत्येक घरासाठी एक कागद करा: कार्डाचा नंबर, लेकरांची नावं दाखल्यावर जशी आहेत तशी, काय अडलं आणि कोण पाठपुरावा करणार. दहा-बारा घरांचं झालं की इथं लिहा कुठं अडतंय ते. रेशन कार्यालयात कोणता कागद परत पाठवला हे नेमकं सांगितलंत तर पुढचं सांगता येईल.