शाळेच्या सिकरूममध्ये (आजारी मुलांच्या खोलीत) नर्सने खाऊ ठेवावा का?
ठेव गं, पण कपाटात. सिस्टरकडे बिस्किटं मिळतात हे एकदा कळलं की दुसऱ्या तासाला दारात रांग लागते. पोट दुखतंय म्हणत आलेल्या पोराला आधी विचार, सकाळी काय खाल्लंस? उपाशी असेल तर दोन मारी बिस्किटं, पाणी, बास. अ‍ॅलर्जीचा फॉर्म बघितल्याशिवाय मात्र शेंगदाण्याची चिक्कीसुद्धा द्यायची नाही.

टाइप १ मधुमेहाच्या (इन्सुलिन घेणाऱ्या) मुलाची रक्तातली साखर ७० mg/dL च्या खाली गेली, तर विचार करत बसू नकोस. शुद्धीत असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात घालून पाज, १५ मिनिटांनी पुन्हा तपास. बिस्किटाने साखर लवकर चढत नाही, ते नंतर.

आणि एखादं मूल रोजच उपाशी येत असेल तर वर्गशिक्षिकेच्या कानावर घाल, चारचौघांत नको.