बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याच्या ड्रायव्हरांसाठी कोणतं सुरक्षा प्रशिक्षण निवडावं?

ज्यात प्रशिक्षक तुमच्याच गाडीत, तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर ड्रायव्हरशेजारी बसतो, ते घ्या. नुसता हॉलमधला स्लाइड-शो आणि सर्टिफिकेट नको. बेळगावातल्या ट्रान्सपोर्टमध्ये गाड्या सोडायचं काम करतो, त्यावरून सांगतो. गोव्याकडे जाणारा चोर्ला घाट उतरताना खालचा गिअर टाकून गाडी इंजिनावर धरायची, ब्रेक दाबत राहून ते तापवायचे नाहीत, हे खुर्चीत बसून अंगवळणी पडत नाही. गळीत हंगामात रात्री मागे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अचानक पुढ्यात येते, तेव्हा काय करायचं, तेही खुर्चीत बसून येत नाही. शिकवणाऱ्याला मराठी आणि कन्नड दोन्ही येतं ना, हे आधी विचारा. मात्र केमिकल किंवा गॅसची वाहतूक असेल तर एवढ्यावर भागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९ प्रमाणे ३ दिवसांचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते.