रिपोर्ट नॉर्मल, मग पुलावर दम का लागतो?

प्रश्न : डॉक्टर, मी ४६ वर्षांची, राहायला नौपाड्यात आणि नोकरी रबाळ्याला. जुलैत व्हायरल न्यूमोनिया झाला, ९ दिवस अ‍ॅडमिट होते, त्यातले ४ दिवस ऑक्सिजन लावलेला. आता पाच महिने होत आले. एक्सरे क्लिअर, स्पायरोमेट्री नॉर्मल, बसल्या जागी ऑक्सिजन ९८. पण ठाणे स्टेशनला एक नंबरकडून पूल चढून दहा नंबरला ट्रान्स हार्बरची गाडी पकडायची म्हटलं की अर्ध्यातच कठडा धरून उभी राहते, मागून लोक चला चला करत असतात. घरी आल्यावर कुकर लावायचंही त्राण नसतं. मिस्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, मग मनातून काढून टाक. सासूबाई रोज काढा देतात. मला खरंच काही झालंय की हे मनाचे खेळ?

उत्तर : ताई, आधी हा अंक मिस्टरांच्या हातात द्या. रिपोर्ट नॉर्मल आहे याचा अर्थ एवढाच की जी टेस्ट केली त्यात दोष सापडला नाही. स्पायरोमेट्रीत आपण नळीत जोर लावून फुंकतो, त्यातून हवा किती आणि किती वेगात बाहेर येते ते कळतं. ती हवा पुढे रक्तात किती उतरते ते त्यात दिसतच नाही, त्याला डीएलसीओ नावाची वेगळी टेस्ट असते, एक खास वायू अगदी थोडासा ओढून दहा सेकंद श्वास धरायचा. व्हायरल न्यूमोनियानंतर काही जणांचं स्पायरोमेट्रीचं गाडं रुळावर येतं पण डीएलसीओ मागे रेंगाळतो. आणि हो, हिमोग्लोबिन कमी असेल तर डीएलसीओ आपोआपच कमी दिसतो, आणि दमही लागतो, म्हणून आधी सीबीसी (हिमोग्लोबिन कळणारी रक्ततपासणी) आणि थायरॉइड करून घ्या. तुमच्या वयात पाळी जास्त जात असेल तर हेच कारण निघतं आणि आपण फुप्फुसाच्या नावाने बोटं मोडत बसतो.

आता मुख्य गोष्ट, जी कोणी नीट सांगत नाही. टोरांटोच्या डॉक्टरांनी २००३ साली १०९ पेशंटचा अभ्यास छापला, सगळे आयसीयूतून वाचलेले, फुप्फुसं पार निकामी व्हायच्या बेतात आलेली. सहा महिन्यांत त्यांची स्पायरोमेट्री नॉर्मलच्या जवळ आली, तरी वर्षानंतर सहा मिनिटांत जेवढं चालायला हवं त्याच्या ६६ टक्केच चालता येत होतं. कारण फुप्फुस कमी आणि स्नायू जास्त. तुमचं दुखणं इतकं मोठं नव्हतं, पण आठ-दहा दिवस पलंगावर, ताप, जेवण नाही, कदाचित स्टेरॉइडही दिलं असेल, की मांड्या पार वितळतात. मग तोच पूल चढताना पाय लवकर थकतात, छाती धापा टाकते आणि आपल्याला वाटतं फुप्फुस गेलं. त्यात मागून गर्दीचा रेटा आला की श्वास वरच्या वर, घाईघाईत घेतला जातो, दम अजून वाढतो.

घरी एक करून बघा. नेलपॉलिश काढा (ते असलं की ऑक्सिमीटर चुकीचं दाखवू शकतो, मेहंदीनेही गडबड होते), बोटाला ऑक्सिमीटर लावून हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं एक मिनिट करा, घरात कोणीतरी सोबत हवं. आकडा ३-४ ने उतरला तर छातीच्या डॉक्टरकडे जाऊन डीएलसीओ आणि सिक्स मिनिट वॉक टेस्ट करा. नाही उतरला तर बरंच आहे, पण तुमचा दम खोटा ठरत नाही. मी पेशंटला आकडा विचारायच्या आधी विचारतो की काय काय बंद केलंत? लग्नाला जाणं, मैत्रिणींबरोबर तलावपाळीला चक्कर, भाजी स्वतः आणणं? क्वालिटी ऑफ लाइफ म्हणजे हेच हो.

उपाय कंटाळवाणा आहे. पल्मनरी रिहॅब, म्हणजे दम लागणाऱ्या पेशंटकडून बेताबेताने व्यायाम करून घेणारा फिजिओ मिळाला तर उत्तम, सहा ते बारा आठवडे लागतात. नाहीतर संध्याकाळी तलावपाळीला सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चाला, बोलता येईल एवढ्याच वेगाने, आणि आठवड्याला थोडं वाढवा. तेच खुर्चीतून उठणं दिवसातून दोनदा. पूल चढताना बशीतल्या चहावर फुंकर घालतो तशी हळू फुंकर मारत पायरी चढायची, श्वास रोखायचा नाही. सरकता जिना असेल तर बिनधास्त वापरा, लाज कसली. कपालभाती सध्या नको, अनुलोम-विलोम चालेल. काढ्याने सासूबाईंचं समाधान होत असेल तर घ्या थोडा, फुप्फुसाला त्याने काही फरक पडेल असं मात्र समजू नका.

एक पथ्य : बरं वाटलं म्हणून रविवारी माळा काढला, पंखे पुसले आणि सोमवार-मंगळवार आडव्या, असं होत असेल तर व्यायाम वाढवू नका, उलट कमी करा, कारण विषाणूनंतरच्या अशा थकव्यात रेटून केलं तर बिघडतं. आणि छातीत दुखलं, थुंकीत रक्त दिसलं, एकच पाय सुजला, आडवं पडल्यावर दम लागला तर माझ्या उत्तराची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे, नेरूळला असतात. फ्लूनंतर ते श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलचं यंत्र रोज शंभरदा फुंकतात, चक्कर येते. किती दिवस करायचं? – मुलगा

उत्तर : अहो, ते फुंकायचं नसतंच! आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग नळी तोंडात धरून हळू ओढायचं, बॉल ओढल्यावर वर जातात. एका वेळी आठ-दहा, मध्ये आराम. शंभरदा जोरात फुंकलं तर चक्कर येणारच, फुंकणं बंद करूनही चक्कर थांबली नाही तर बीपी तपासा. आता ते घरात चालते-फिरते झाले असतील तर बॉलपेक्षा चालण्याचा फायदा जास्त, आणि फ्लूची लस दरवर्षी घ्यायची असते, डॉक्टरांना विचारून यंदाची राहिली असेल तर घेऊन टाका.