मागणी क्रमांक २७

कॉम्रेड,

मागणीपत्राचा कच्चा मसुदा मिळाला. पगारवाढ, महागाई भत्ता, कंत्राटी पोरांना कायम करणं, कॅन्टीनचे दर, सगळं नीट मांडलं आहेस. आणि मग सत्ताविसाव्या क्रमांकावर, गणवेशाच्या शिलाईखाली: ‘दिव्यांग तसेच एलजीबीटी कामगारांना समान वागणूक देण्यात यावी.’ कमिटीत तू सगळ्यात लहान, त्यात नवी. हे वाक्य लिहायला काय धीर लागला असेल ते कळतं. पण असल्या वाक्याचं पुढे काय होतं तेही मला माहीत आहे, कारण ते मीच केलेलं आहे.

१९९६ ची गोष्ट. वाटाघाटींची चौथी रात्र, दोन वाजून गेलेले, चहाही गार झालेला. आमच्या स्टोअर्समध्ये लहानपणी पोलिओ झालेला एक सहकारी होता. कॅन्टीन वरच्या मजल्यावर, सोळा पायऱ्या. जेवण खाली मिळावं एवढीच त्याची मागणी, आणि ती आम्ही यादीच्या तळाशी घातली होती. मॅनेजर म्हणाला, ‘शेवटच्या पाच सोडा, भत्त्यात ७५ रुपये वाढवतो.’ मी सोडल्या. सकाळी गेटवर गुलाल उधळला. त्यानेही पेढा घेतला, माझ्या पाठीवर थाप मारली. पुढे निवृत्त होईपर्यंत तो स्टोअर्समधल्या स्टुलावर बसून डबा खात राहिला. त्या रात्री मला मात्र ७५ च्या आकड्याचा अभिमान वाटला होता.

शेपटाकडच्या मागण्या सोडण्यासाठीच असतात, हे टेबलाच्या दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. तुझ्या वाक्याची अडचण आणखी एक आहे. त्यात तारीख नाही, रक्कम नाही, कोणी काय करायचं ते नाही. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने करार न पाळणं ही अनुचित कामगार प्रथा ठरवली. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली नववी बाब घेऊन आम्ही किती वेळा औद्योगिक न्यायालयाच्या पायऱ्या चढलो असू! पण ‘समान वागणूक’ मोडली हे तिथे सिद्ध कसं करणार? सोळा पायऱ्या मोजून दाखवता येतात.

तेव्हा ते वाक्य फोड.

आधी दिव्यांगांचं. (आमच्या पिढीच्या तोंडी ‘अपंग’ बसलं आहे. दोन्ही शब्दांवर नाराज असणारे लोक मला भेटले आहेत. तू त्या त्या माणसाला विचार, त्याला कोणता चालतो.) २०१६ च्या कायद्याबद्दल लोक बोलतात ते चार टक्के आरक्षणाचं, आणि तेही सरकारी नोकरीपुरतं. मला त्यातलं कलम २० जास्त मोलाचं वाटतं. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. जमेल असं दुसरं काम त्याच वेतनश्रेणीत द्यायचं, आणि तसं पदच नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येच्या वरचं, पद निर्माण करायचं. पण हे पोटकलमही सरकारी आस्थापनांनाच लागू. तुमच्याकडे प्रेस मशीनवर कुणाचा पंजा गेला तर नुकसानभरपाई मिळेल, पण हे संरक्षण मिळणार नाही. म्हणून तेच शब्द करारात उतरवून घे. कलम २१ मात्र खासगी कंपन्यांनाही बांधतं: समान संधीचं धोरण तयार करून दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायचं. पहिल्या बैठकीत त्याची प्रत माग आणि समोरच्यांचे चेहरे बघ.

एक सांगतो, गेट मीटिंगमध्ये ‘त्यांच्यासाठी’ हा शब्द वापरू नकोस. प्रेस शॉपमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला विचार, घरी टीव्हीचा आवाज किती ठेवतोस. बायको वैतागलेली असते. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. तरी तपासणी कुणी मागत नाही, कारण ‘अनफिट’चा शिक्का बसला की घरी जावं लागेल ही धास्ती. दुसऱ्या कामाची हमी आली तर ती धास्ती जाते. मग ही मागणी चाकाच्या खुर्चीवरच्या एका माणसाची राहत नाही, सगळ्या शॉपची होते. फक्त एवढं बघ की हलकं काम देताना उरलेलं ओझं शेजारच्या मशीनवाल्यावर पडणार नाही. तसं झालं की कुरबुर सुरू होते, आणि ती कुरबुर मॅनेजमेंटला हवीच असते.

आता दुसरा भाग, एलजीबीटी म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे कामगारांचा, जो कमिटीत वाचताना तुझा आवाज कापेल. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेच्या ३७७ कलमातून सज्ञानांचे संमतीचे संबंध वगळले. गुन्हा संपला. पण समलिंगी आहे म्हणून बढती नाकारली, टिंगल करून नोकरी सोडायला लावलं, तर खासगी कारखान्यातल्या माणसाने बोट ठेवावं असं स्पष्ट कलम त्याने मिळालं नाही. ट्रान्स कामगारांसाठी २०१९ चा कायदा झाला. नोकरीत भेदभावाला मनाई आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी, असं त्यात लिहिलं गेलं. तुमच्याकडे तो अधिकारी कोण, हे कुणाला सांगता येतं का बघ. बाकीच्यांसाठी तुमचा करार हाच कायदा.

मॅनेजमेंट विचारेल, ‘असे आहेत किती? एक तरी दाखवा.’ इथे तोंडातून एकही नाव जाता कामा नये. खुणेनेही नाही, कौतुकानेही नाही. तू सांगायचं, आगीचा बंब ठेवताना कुणाचं घर जळणार याची यादी मागत नाहीत. आणि कलमं अशी लिही की ती वापरायला कुणाला जाहीर काही सांगावं लागणार नाही. मेडिक्लेममध्ये ‘पती/पत्नी’ऐवजी ‘कामगाराने नमूद केलेली एक सज्ञान व्यक्ती’ असं लिही. मग त्यात कुणाचा जोडीदार बसेल, कुणा अविवाहिताची बहीण बसेल, कुणा विधवेची सासू. आजारपणाची आणि सुतकाची रजाही त्याच व्यक्तीसाठी. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीच्या बाबतीत हे चालणार नाही: नियमात बसणारं कुटुंब असेल तर वारस कुटुंबातलाच नेमावा लागतो, तिथे कराराचा हात पोचत नाही. ते खरं सांग, खोटी आशा लावू नकोस.

मात्र सगळंच असं झाकून लिहू नकोस. भेदभाव, शेरेबाजी, छळ यांना मनाई करणाऱ्या कलमात ‘लैंगिक कल’ आणि ‘लिंगभाव ओळख’ हे शब्द उघड हवेत. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तक्रार करू शकते ती स्त्री. लॉकर रूममध्ये रोज ज्या मुलाला बायल्या म्हणून हात लावले जातात, त्याला त्या कायद्याखालच्या तक्रार समितीचं दार बंद आहे.

खरा विरोध मॅनेजमेंटकडून होणार नाही, आपल्याच बाकावरून होईल. ‘आता हे नवीन काय काढलंस?’ म्हणतील. नवीन काही नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या खात्यात, मज्जाव होता. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, आणि सवर्ण विणकरांना तो विटाळ वाटत असे. लाल बावट्याखाली उभे असलेलेच हे विणकर. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी नेत्यांना बजावलं की हा मज्जाव उठवण्याची मागणी घाला, नाहीतर आमचे लोक संपाबाहेर राहतील. नेत्यांनी ती घातली, पण नाखुशीने. ज्या चळवळीचा आपण अभिमान बाळगतो तिच्या पोटात हे होतं. हे सांगताना कमिटीतल्या कुणाला टोचलं तर टोचू दे.

उलट्या बाजूचा एक दाखलाही जवळ ठेव. ब्रिटनमध्ये १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात लंडनमधल्या समलिंगी कार्यकर्त्यांनी डबे फिरवून साउथ वेल्सच्या संपकऱ्यांसाठी पैसे जमवले. संप हरला. पण १९८५ च्या प्राइड मोर्चात खाणकामगार आपले बॅनर घेऊन उतरले, आणि त्याच वर्षी मजूर पक्षाच्या अधिवेशनात समान हक्कांच्या ठरावामागे त्यांच्या युनियनने आपली मतं टाकली. आधी त्यांच्या संपात कुणीतरी उभं राहिलं होतं, हा क्रम विसरू नकोस. कॅन्टीनच्या दरासाठी ट्रान्स कामगार गेटवर उभी असेल, तर उद्या तिच्या स्वच्छतागृहासाठी प्रेस शॉप उभं राहण्याची शक्यता बरीच वाढते.

या कामगारांचा युनियनमध्ये वेगळा सेल काढायचा की नाही, असं विचारलं आहेस. काढ. पण सेलचा एक माणूस वाटाघाटीच्या टेबलावर बसला पाहिजे, रात्री दोन वाजता. १९९६ साली तो स्टोअर्सवाला माझ्या शेजारी बसलेला असता, तर ‘शेवटच्या पाच सोडा’ला मी कुठल्या तोंडाने हो म्हटलं असतं?

मसुदा परत पाठवतो आहे. २७ वर काट मारली आहे आणि तिची सहा कलमं करून ४ ते ९ मध्ये, भत्त्याच्या लगेच खाली घातली आहेत. तुझ्या भाषेत लिहून काढ, माझी जुनाट आहे. आणि आपलं युनियन ऑफिस अजून दुसऱ्या मजल्यावरच आहे ना, बिनलिफ्टचं? सर्वसाधारण सभा तिथे घेऊ नकोस. खालच्या झेरॉक्सवाल्याचा गाळा रविवारी बंद असतो. त्याच्याशी मी बोलून ठेवलं आहे, किल्ली शनिवारी संध्याकाळी घेऊन जा.

तुझा,
एक जुना चिटणीस