वस्तीपातळीवरच्या छोट्या शाश्वत विकास प्रकल्पाला ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचं मूल्यांकन) करावं का, आणि कधी?

करावं. आणि आराखडा पक्का झाल्यावर नाही, जागा ठरायच्या आधी. तुम्ही लिहिलंय, "प्रकल्प मुळात पर्यावरणाच्या भल्यासाठीच आहे, मग त्याचं वेगळं मूल्यांकन कशाला?" हेच वाक्य मी एका बैठकीत ऐकलं होतं आणि त्यावरून कडाक्याचं भांडले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एका संस्थेच्या पाणी प्रकल्पावर मी काम करत होते. ओढ्यावर छोटा बंधारा, वरच्या वस्तीला उन्हाळ्यातही पाणी, काठाने झाडं. सल्लागार नेमून ईआयए रीतसर करून घेतलं होतं. पण पाहणी झाली पावसाळा संपता संपता, ओढा भरून वाहत असताना. अहवालात एक ओळ होती: बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाण्याचा वापर आढळला नाही.

खालच्या वस्तीतल्या बायका उन्हाळ्यात ओढ्याच्या वाळूत झिरे खणायच्या. हात-दीड हात वाळू उपसली की तळाशी पाणी पाझरतं. ते वाटीवाटीने भांड्यात घ्यायचं, तळ लागला की थांबायचं, परत पाझरलं की परत भरायचं. पुराच्या पाण्याबरोबर वाळू येते आणि झिरे बुजून जातात. पावसाळ्याच्या अखेरीला आलेल्या माणसाला ते दिसणार कसे?

बैठकीत तिथल्या एका आजींनी विचारलं, "तुमची भिंत खाली खडकाला टेकणार, मग आमच्या झिऱ्याला पाणी कुठून येणार?" उत्तर मिळालं की बंधाऱ्याने भूजल वाढतंच. हे अर्धं खरं आहे. अडवलेलं पाणी मुरतं, पण मुरून कोणत्या बाजूला जातं ते खालच्या खडकावर ठरतं. आणि पाया खडकापर्यंत नेला की वाळूच्या पोटातून वाहणारा प्रवाह त्या भिंतीशीच थांबतो. आजींनी नेमकं त्यावर बोट ठेवलं होतं. मी सुचवलं की बंधारा थोडा वर सरकवा, म्हणजे बाजूचा ओहोळ भिंतीच्या खाली येऊन मिळेल आणि वाळू ओली राहील. ते जमत नसेल तर निदान भिंतीत तळाशी झडपेचा पाइप ठेवा. सल्लागार म्हणाले, "बायका सांगतात ती ऐकीव माहिती, डेटा नव्हे."

बंधारा ठरल्या जागीच झाला. पुढच्याच उन्हाळ्यात झिरे लवकर आटले, दोन वस्त्यांमधलं बोलणं तुटलं, आणि शेवटी उभी भिंत फोडून तोच पाइप टाकावा लागला. आधी टाकला असता तर किरकोळ खर्चाचं काम होतं.

त्या सल्लागारांना तेव्हा सांगितलं तेच इथे सांगते. वर्षानुवर्षं एकाच ओढ्यातून पाणी भरणारी बाई कोणत्या महिन्यात पाणी किती खोल जातं हे सांगते, ती नोंदच आहे. ती लिहून घ्यायची, कोरड्या दिवसांत जागेवर जाऊन मोजून पडताळायची आणि अहवालात घालायची. एका ऋतूतल्या एका फेरीला आधारभूत माहिती म्हणणं मला मान्य नाही.

दुसरं, पर्याय. अमेरिकेत १९७० पासून लागू झालेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याखालच्या १९७८ च्या नियमांनी पर्यायांच्या तुलनेला अहवालाचं हृदयच म्हटलं होतं. जागा, आकार, पद्धत आणि "काहीच न करणं" हे सगळे पर्याय शेजारी शेजारी मांडा. जागा आधीच ठरलेली असेल तर तुलना कशाची करणार? 'कधी' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. उरुग्वे नदीकाठच्या कागदलगदा कारखान्यांच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही २०१० मध्ये म्हटलं की मूल्यांकन प्रकल्प सुरू होण्याआधी व्हायला हवं आणि गरज असेल तिथे प्रकल्प चालेल तोवर देखरेख राहायला हवी. देखरेखीचा भाग लोक हमखास गाळतात. पाणीपातळी कोण मोजणार, कुठे लिहिणार, घसरली तर झडप कोण उघडणार, हे नावानिशी ठरवा आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकातच धरा.

परिणाम टाळता येतो का ते आधी बघा, मग कमी करता येतो का, मग दुरुस्ती, आणि भरपाई अगदी शेवटी. पुष्कळ अहवाल "बदल्यात झाडं लावू" इथूनच सुरू होतात. ज्याचं पाणी गेलं त्याला तुमच्या झाडांचा काय उपयोग?

आता हेही सांगायला हवं की प्रत्येक कामाला जाडजूड अहवाल लागत नाही. गळकी टाकी दुरुस्त करायला किंवा शाळेच्या छतावर सौरपट्ट्या बसवायला चार पानांची चाळणी, म्हणजे प्राथमिक तपासणी, पुरते. पण एकाच ओढ्यावर असे दहा छोटे बंधारे होणार असतील तर त्यांचा एकत्रित परिणाम बघावाच लागतो, सुटा सुटा बघितला तर प्रत्येक निर्दोषच दिसेल. कायद्याने सक्ती कोणत्या आकारापासून आहे ते देशागणिक बदलतं, ते तुमच्याकडच्या नियमांत तपासा. आणि मूल्यांकन केलं म्हणून वाईट प्रकल्प आपोआप थांबत नाही. तो निर्णय माणसंच घेतात, त्यामुळे खालच्या वस्तीतलं कोणीतरी तुमच्या समितीवर घ्या, नुसतं सुनावणीला बोलावू नका.