रेंज ट्रेकची पहिली रात्र कुठे काढावी?

थंडी पडायला लागली की या सदराकडे डोंगरवाटांची पत्रं येतात. या वेळी एकाच पत्राला सविस्तर उत्तर देते, कारण त्यातला रेंज ट्रेकचा, म्हणजे डोंगररांगेतून एका गडापासून दुसऱ्यापर्यंत सलग चालायचा, बेत मी दर वर्षी कुणा ना कुणाकडून ऐकते. बाकीच्यांनी थोडक्यात भागवून घ्यावं.

प्रश्न : ताई, आम्ही चौघे मित्र, तिशीतले, सातपूरला कंपनीत आहोत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रतनगड ते हरिश्चंद्रगड करायचा आहे. दोन्ही गड आणि कळसूबाई सुटे सुटे झालेत, पण सॅक पाठीवर घेऊन सलग कधी चाललो नाही. शुक्रवारी कामावरून सुटलो की थेट भंडारदरा, पाण्याकाठच्या कॅम्पसाइटवर मुक्काम, शेकोटी, बार्बेक्यू. शनिवारी नाश्ता करून चालायला लागायचं, रविवारी रात्री घरी. एक जण म्हणतो, पायथ्याचं बारी गाव वाटेतच आहे तर कळसूबाईपण उरकून घेऊ. टेंट आणि गॅस आमचाच आहे. सुरुवात ठीक आहे ना?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : बेत झकास आहे, सुरुवात तेवढी चुकतेय.

आधी कळसूबाई काढून टाका. घोटीहून भंडारदऱ्याला जाताना बारी लागते म्हणून मोह होतो, मान्य. पण १६४६ मीटरचं महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर उतरून आलेल्या मांड्या दुसऱ्या दिवशी रतनगड-हरिश्चंद्रगड वाटेवरच्या कात्राबाईच्या खिंडीच्या चढाला काय जाब देतात ते तिथे गेल्यावरच कळतं. तुमचं ते झालेलंही आहे. मित्राला सांगा, पुन्हा एखाद्या रविवारी जाऊन ये.

आता कॅम्पसाइट. घरच्यांना घेऊन एक रात्र मजेत घालवायची असेल तर भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी जरूर जा, माझी काही तक्रार नाही. पण तुम्ही निघालाय डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या शुक्रवारी. अशाच एका ठिकाणी मी राहिले आहे. शेजारच्या ग्रुपचा स्पीकर मध्यरात्रीनंतरही वाजत होता, आणि सकाळचे पोहे समोर आले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. तुमच्या बाबतीतही तसंच झालं तर हिशोब बघा. नाश्ता साडेआठला. आवराआवर करून, रतनगडाच्या पायथ्याच्या रतनवाडीपर्यंतचा जलाशयाला वळसा घालणारा रस्ता संपवून चालायला लागायला साडेदहा. डिसेंबरात सातच्या सुमारास उजाडतं आणि सहाला सूर्य बुडतो. जेमतेम अकरा तासांच्या उजेडातले साडेतीन तास तुम्ही पायथ्यालाच घालवलेत. नवी वाट, जड सॅक, कात्राबाईचं जंगल, आणि मुक्कामाच्या कुमशेत गावाच्या अलीकडे अंधार. इथे माणसं वाट चुकतात ती अवघड वाटेमुळे नाही, उशिरामुळे.

दुसरी गोष्ट दवाची. स्वच्छ आभाळाच्या रात्री उघडी जमीन झपाट्याने निवते, थंड हवा जड असल्याने सखल भागात उतरून बसते, आणि शेजारी एवढं पाणी असल्यावर हवेत ओल असतेच. पहाटे टेंटच्या आतून हात फिरवून बघा, तळवा ओला होतो. वरच्या कापडाला आतून थेंब लटकलेले असतात, कुणी कूस बदलली की ते स्लीपिंग बॅगवर पडतात. तो ओला टेंट तसाच गुंडाळून सॅकमध्ये कोंबलात की वजन वाढतं ते वेगळंच, आणि दुसऱ्या रात्री ओल्याच टेंटात झोपावं लागतं. म्हणून टेंट नेहमी काठापासून लांब, जरा उंचवट्यावर, शक्यतो झाडाच्या आडोशाला लावायचा. झाडाखाली दव कमी पडतं. फक्त वर वाळकी फांदी किंवा मोहोळ नाही ना, ते उजेडात मान वर करून बघून घ्या. सोबत एक जुना पंचा ठेवा. सकाळी टेंट आतबाहेर पुसून काढायला त्याच्यासारखं काही नाही.

मग करायचं काय? दोन सुट्ट्या टाका, शुक्रवार आणि सोमवार. शुक्रवारी पहाटे साडेपाचला नाशिक सोडा, घोटी-बारी-शेंडी करत नऊपर्यंत रतनवाडी. अभयारण्याचं शुल्क भरून पावती जवळ ठेवा. गावात जड सॅका टाका आणि पाठीवर पाणी-डबा एवढंच घेऊन रतनगड करून या. शिड्या, नेढं (म्हणजे कातळातलं आरपार भोक), वर थोडा वारा खाणं, आणि चार वाजेपर्यंत परत खाली. तुम्ही म्हणाल, रतनगड तर झालाय. त्यासाठी पाठवतच नाहीये. पहिल्या दिवशी हलक्या पाठीने पाय मोकळे होतात, बूट कुठे चावतायत ते कळतं, आणि मुख्य म्हणजे जिथून रतनगडाची वाट एकीकडे आणि हरिश्चंद्रगडाची दुसरीकडे फुटते ती जागा तुम्ही उजेडात, सावकाश बघून ठेवता. दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू असताना तिथून जाल तेव्हा डोकं खाजवत उभं राहावं लागणार नाही.

रात्र रतनवाडीतच. अमृतेश्वराच्या मंदिराच्या आवारात टेंट लावू नका. ते देऊळ पुरातन आहे, दगडावरचं कोरीवकाम बघायला जा, चूल मांडायला नको. गावात विचारलंत तर कुणाचं तरी अंगण किंवा ओसरी मिळते, गरम भाकरी-पिठलंही मिळतं. पैसे आधी बोलून घ्या आणि घासाघीस करू नका. ओसरी मिळाली तर टेंट उघडूच नका, तो कोरडा राहील. बार्बेक्यूचं मनातून काढा. आठला जेवून नऊला आडवं व्हायचं. शेकोटीचं म्हणाल तर जंगलात आग नाहीच, गावात कुणी पेटवली असेल तर हात शेका.

शनिवारी उजाडायच्या आधी चहा, उजाडता उजाडता पाय वाटेला. कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, सॅक घेऊन अख्खा दिवस समजा. रविवारी कुमशेतहून पाचनई आणि तिथून हरिश्चंद्रगड. मुक्काम गडावर. सोमवारी कोकणकड्यावर सकाळ घालवून पुन्हा पाचनईलाच उतरा. खिरेश्वरकडे उतरायचा हट्ट धरू नका. तिकडून तुम्ही माळशेजच्या रस्त्याला लागता, मग आळेफाटा, मग संगमनेर, आणि घरी पोचेपर्यंत रात्र. पाचनईहून राजूर-शेंडी-घोटी हा आपला सरळ रस्ता. एसटीवर विसंबू नका. रतनवाडीला सोडणाऱ्या जीपवाल्यालाच सोमवारी दुपारी पाचनईला बोलावून ठेवा. मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे वेळ आधीच पक्की करा.

वाटाड्या घ्या. या बाबतीत मी हट्टी आहे. पट्टीचे ट्रेकर असाल, फोनमध्ये नकाशा उतरवून घेतला असेल, तरी घ्या. त्या जंगलात गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा इतक्या आहेत की मळलेली वाट कुठली आणि म्हशीची कुठली हे नकाशा सांगत नाही. महादेव कोळी किंवा ठाकर वस्तीतला माणूस सांगतो. पुढे पाणी कुठे मिळेल हेही त्यालाच माहीत असतं, कारण त्याच आठवड्यात तो किंवा त्याचा भाऊ तिथे गुरं घेऊन गेलेला असतो. तरी माणशी तीन लिटर भरूनच निघा. ओढ्याचं पाणी घेतलंत तर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. ओआरएसचं पाकीट अख्खं एक लिटरला. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट ओतणारे महाभाग मी पाहिले आहेत.

आता तुमचा गॅस. दुकानातून स्वस्तातली लांबट डबी आणली असेल तर तिच्यात बहुधा नुसतं ब्युटेन असतं. शून्य अंशाच्या आसपास ब्युटेनचा वायू व्हायचाच थांबतो. सह्याद्रीत एवढी थंडी सहसा पडत नाही, पण गॅस जळताना डबी स्वतःच गार होत जाते. पहाटेच्या गारठ्यात ज्योत आधी निळी, मग लहान, मग नुसती फुरफुर, आणि चार कप पाणी काही उकळत नाही. डबी हलवून बघाल तर अजून भरलेली. उपाय साधा आहे : रात्री डबी स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेऊन झोपा. जमिनीवर ठेवू नका, खाली मॅटचा तुकडा सरकवा. आणि कितीही वारा असो, टेंटच्या आत स्टोव्ह पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो. फोन आणि पॉवर बँकही उशाशीच ठेवा, गारठ्यात बॅटरी पटापट उतरते.

मॅटवर पैसे वाचवू नका. भारी स्लीपिंग बॅग आणि खाली पातळ चटई हा उलटा कारभार आहे, कारण अंगाखाली दबलेल्या बॅगेत हवा उरत नाही आणि थंडी जमिनीतून वर येते. सॅक नऊ-दहा किलोच्या वर गेली तर चौघांनी एकत्र बसून पुन्हा उपसा. चार चाकू आणि चार शाम्पू निघतातच.

सुट्ट्या नाही मिळाल्या तर हा बेत दोन दिवसांत दाबून बसवू नका, जानेवारीत करा. थंडी थोडी जास्त असेल, पण वर्षअखेरीची जत्रा ओसरलेली असेल.

प्रश्न : लेक पहिल्यांदाच चार दिवसांच्या ट्रेकला निघाली आहे. बरोबर काय बांधून देऊ? ती म्हणते, नूडल्स पुरे.
— एक आई, पंचवटी

उत्तर : नूडल्स नेऊ दे, भांडू नका. पण पहिल्या दोन दिवसांसाठी दुधात भिजवलेल्या दशम्या, लसणाची कोरडी चटणी आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू द्या. थंडीत दशमी दोन दिवस आरामात टिकते आणि चालता चालता खाता येते, त्यासाठी स्टोव्ह लागत नाही. पुढच्या दिवसांसाठी तांदूळ, मूगडाळ, हळद, मीठ, जिरं सगळं एकत्र करून एकेका वेळेचं मोजून पुड्या करा. वर पाणी ओतलं की खिचडी. मेतकुटाची छोटी डबी आणि तूप विसरू नका. चिवडा पिशवीत देऊ नका, त्याचा भुगा होतो आणि गडावरची माकडं पिशवीचा आवाज ओळखतात. परफ्यूम मात्र घरीच काढून घ्या. उग्र वासाने आग्या मोहोळ उठतं, हा नुसता बाऊ नाही.

प्रश्न : पावसाळ्यात रतनगड ते हरिश्चंद्रगड ही वाट केली तर धबधबे बघायला मिळतील ना?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : मिळतील, पण तुम्ही अलीकडे आणि वाट पलीकडे अशी गत होईल. मुळा नदीचं पात्र आणि जंगलातले ओढे तासाभरात फुगतात, धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही. धबधबे रंधा फॉलला गाडीने जाऊन बघा.

प्रश्न : माझं वय अठ्ठावन्न. चढताना त्रास नाही, उतरताना गुडघे बोलतात. काठ्या घेऊ का? सराव कुठे करू?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : काठ्या घ्या, दोन घ्या. सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी लांबी, उतारावर तीच थोडी वाढवायची, म्हणजे काठी पावलाच्या आधी खाली टेकते आणि भार हातांवर जातो. सरावाला पांडवलेण्याच्या पायऱ्या तुमच्या घरापासून जवळ आहेत, तिथून सुरुवात करा. मग रामशेज, मग अंजनेरी. सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घालून चढा आणि वर पोचलात की ते पाणी झाडांना घालून रिकाम्या पाठीने उतरा. मांड्यांना चढाचा व्यायाम पुरा मिळतो, गुडघ्यांवर उताराचा मार बसत नाही. महिनाभराने अर्ध्या बाटल्या भरलेल्याच ठेवून उतरून बघा. दुखून सूज आली तर मात्र काठ्यांच्या दुकानाआधी हाडांच्या डॉक्टरकडे जा.